अपाचीची प्रॉक्सी स्पॅमवाल्यांच्या हाती लागू नये म्हणून काय काय करायचं

सर्व्हरवर नोडजेएसचं किंवा टॉमकॅटचं एखादं ॲप ८०८० पोर्टवर चालतंय आणि ते बाहेरच्या लोकांना ८० आणि ४४३ वर दिसायला हवंय, म्हणून आपण अपाची या वेब सर्व्हरमध्ये मॉड-प्रॉक्सी, म्हणजे आलेली रिक्वेस्ट दुसऱ्या सर्व्हरकडे पोचवणारं मॉड्यूल, चालू करतो. इथपर्यंत सगळं ठीक. गडबड पुढच्या ओळीत होते. नेटवर कुठल्यातरी जुन्या उत्तरात 'प्रॉक्सीरिक्वेस्ट्स ऑन' असं लिहिलेलं सापडतं, नाव वाचून वाटतं की प्रॉक्सी हवीये म्हणजे हे ऑन लागणारच, मग ती ओळ टाकायची, सर्व्हर रिस्टार्ट करायचा, ॲप दिसायला लागतं आणि विषय संपला असं वाटतं. पण ॲप दिसतंय ते 'प्रॉक्सीपास'च्या ओळीमुळे (आलेली रिक्वेस्ट ८०८० कडे दे असं ती सांगते), त्या ऑनचा त्याच्याशी काही संबंध नाही. त्या ऑनमुळे फक्त एवढंच झालंय की जगातला कोणीही माणूस तुमच्या सर्व्हरला सांगू शकतो की मला अमुक ठिकाणी नेऊन सोड, आणि सर्व्हर निमूटपणे नेऊन सोडतो.

यालाच ओपन प्रॉक्सी म्हणतात आणि स्पॅम पाठवणाऱ्यांना नेमकी हीच हवी असते. (डिरेक्टिव्हची म्हणजे कॉन्फिगमधल्या सूचनांची आणि कमांडची नावं मी इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय, फाइलीत अर्थातच ती रोमन स्पेलिंगनं आणि इंग्रजी आकड्यांत टाकायची.)

आधी ते लोक करतात काय हे नीट समजून घ्या, कारण ते कळलं की पुढचा प्रत्येक उपाय का आहे ते आपोआप कळतं. एचटीटीपीमध्ये कनेक्ट नावाची एक मेथड, म्हणजे रिक्वेस्टचा प्रकार, आहे. ब्राउझरला प्रॉक्सीमधून एचटीटीपीएसची साइट उघडायची असते तेव्हा तो प्रॉक्सीला म्हणतो की अमुक सर्व्हरच्या ४४३ पोर्टला मला जोडून दे, पुढचं मी बघतो. प्रॉक्सी जोडून देते आणि मधून जे जाईल ते न बघता इकडून तिकडे ढकलत राहते. आता ४४३ च्या जागी २५ टाका. २५ म्हणजे मेल सर्व्हर एकमेकांशी बोलतात ते पोर्ट. स्पॅमवाला तुमच्या प्रॉक्सीमधून समोरच्या कंपनीच्या मेल सर्व्हरच्या २५ ला जोडून घेतो आणि सरळ मेल ढकलायला सुरुवात करतो, समोरच्याला आयपी दिसतो तुमचा. हा धोका एचटीटीपीच्या अधिकृत स्टँडर्डमध्येच लिहून ठेवलाय, २०१४ च्या आरएफसी ७२३१ मध्येही होता आणि २०२२ च्या आरएफसी ९११० मध्येही आहे, उदाहरणसुद्धा पोर्ट २५ चंच दिलंय, आणि प्रॉक्सीनं कनेक्ट ठरावीक पोर्टपुरतंच मर्यादित ठेवावं असं सांगितलंय.

दुसरी युक्ती जुनी आहे पण लक्षात ठेवण्यासारखी आहे. कनेक्ट बंद असेल तर साधी पोस्ट रिक्वेस्ट वापरायची, पत्ता द्यायचा मेल सर्व्हर आणि पोर्ट २५ चा, आणि पोस्टच्या बॉडीत एसएमटीपीच्या, म्हणजे मेल सर्व्हरच्या भाषेतल्या, कमांड लिहायच्या. मेल सर्व्हरला आधी एचटीटीपीचे हेडर दिसतात, ते त्याला कळत नाहीत, प्रत्येक ओळीला तो एरर देतो, पण कनेक्शन तोडत नसेल तर पुढे बॉडीतल्या खऱ्या कमांड आल्या की निमूट मेल घेतो. पोस्टफिक्स या मेल सर्व्हरनं यासाठीच 'एसएमटीपीडी फॉरबिडन कमांड्स' नावाची सेटिंग ठेवलीये, कनेक्ट, गेट, पोस्ट यातलं काही दिसलं की तो लगेच फोन आपटतो. पण समोरचा प्रत्येक सर्व्हर तसा असेल याची खात्री नाही, शिवाय कनेक्टच्या बोगद्यातून आलेल्याला याचा काही उपयोग नाही, कारण कनेक्टची ओळ प्रॉक्सीनंच गिळलेली असते, मेल सर्व्हरला दिसतं ते स्वच्छ एसएमटीपी.

आणि तिसरी गोष्ट सगळ्यात वाईट. त्याच मशीनवर पोस्टफिक्स चालू असेल तर स्पॅमवाल्याला बाहेर जायचीही गरज नाही. तो प्रॉक्सीला सांगतो मला १२७.०.०.१ च्या २५ ला जोड. पोस्टफिक्सच्या नेहमीच्या सेटअपमध्ये लोकलहोस्ट 'मायनेटवर्क्स'मध्ये असतो, म्हणजे घरचा माणूस, त्याला कुठेही मेल पाठवायची परवानगी. तुम्ही पोस्टफिक्स कितीही कडक बसवलेला असो, पासवर्ड लावलेले असोत, ते सगळं बाजूला पडतं कारण रिक्वेस्ट आतूनच आलीये.

म्हणूनच शोधताना दोन्हीकडे बघा. हे मुद्दाम सांगतोय कारण होस्टिंगवाल्याकडून स्पॅमची तक्रार आली की बहुतेक जण मेलक्यू कमांड मारतात (पाठवायच्या राहिलेल्या मेलची रांग म्हणजे क्यू ती दाखवते), क्यू रिकामी दिसते, मेलच्या लॉगमध्ये काही नाही, मग उत्तर पाठवतात की आमच्याकडून काहीच गेलेलं नाही. प्रॉक्सीमधून थेट बाहेर गेलेला स्पॅम मेलच्या क्यूत कधीच दिसणार नाही कारण तो तुमच्या मेल सर्व्हरमधून गेलेलाच नाही. तो अपाचीच्या ॲक्सेस लॉगमध्ये दिसेल. उलट लोकलहोस्टवाला प्रकार असेल तर क्यू तुडुंब भरलेली असेल आणि मेलच्या लॉगमध्ये क्लायंट म्हणून १२७.०.०.१ दिसेल, तेव्हा लोक वर्डप्रेसच्या प्लगिनवर संशय घेत बसतात.

तर ॲक्सेस लॉगमध्ये ग्रेप (शब्द शोधायची कमांड) मारा, कनेक्ट शब्द शोधा, आणि ज्या ओळींत गेट किंवा पोस्टच्या पुढे स्लॅशनं सुरू होणारा पाथ न येता अख्खा एचटीटीपी://नं सुरू होणारा परका पत्ता आहे त्या ओळी शोधा. त्याच वेळी 'एसएस -टीएनपी' चालवून बघा, अपाचीच्या प्रोसेसची बाहेरच्या कुठल्या २५ पोर्टशी कनेक्शन उघडी आहेत का. वेब सर्व्हर स्वतःहून कोणाच्या २५ ला बोलत असेल तर तिथेच उत्तर मिळालं.

आता इथे एक गोष्ट खूप जणांना घाबरवते. प्रॉक्सीरिक्वेस्ट्स ऑफ आहे, तरी लॉगमध्ये परक्या साइटच्या नावाची गेट रिक्वेस्ट आणि तिच्यापुढे २०० दिसतो. २०० म्हणजे यशस्वी, म्हणजे गेलं की काय? बहुतेक वेळा नाही. एचटीटीपी १.१ च्या नियमाप्रमाणे सर्व्हरनं पूर्ण पत्त्याची रिक्वेस्टही स्वीकारायची असते, अपाची त्यातलं नाव आपल्या व्हर्च्युअल होस्टमध्ये (एकाच सर्व्हरवरच्या वेगवेगळ्या साइटच्या सेटिंगमध्ये) शोधतो, सापडलं नाही की पहिल्या म्हणजे डिफॉल्ट होस्टचं पान देऊन मोकळा होतो. म्हणजे त्या माणसाला परकी साइट न मिळता तुमचंच होमपेज मिळालेलं असतं. ओळखायचं कसं, तर लॉगमध्ये बाइट्सचा आकडा बघा, तो तुमच्या होमपेजच्या साइजइतकाच असेल तर काही झालेलं नाही. जुन्या सेटअपमध्ये होमपेज पीएचपीचं असेल तर कनेक्टलासुद्धा २०० येतो, कारण पीएचपी मेथड कुठली आहे हे न बघता पान छापतं. त्यामुळे नुसत्या २०० वरून घाबरायचं नाही आणि नुसतं ऑफ बघून निर्धास्तही व्हायचं नाही, बाहेरून टेस्ट करायची, ती कशी ते खाली सांगतो.

पण तो तुमचंच पान देतो हेही फार चांगलं नाही. लॉग भरतो, सर्व्हर उगाच राबतो, आणि प्रॉक्सी शोधणारे बॉट २०० बघून तुमचा आयपी 'चालतो' अशा यादीत टाकतात आणि मग आणखी बॉट येतात. म्हणून पहिला व्हर्च्युअल होस्ट रिकामा ठेवा, कुठल्याच खऱ्या साइटचा नको, त्यात 'रिक्वायर ऑल डिनाइड' टाका, आणि खऱ्या साइट त्याच्यानंतर आपापल्या सर्व्हरनेमनं. कोणता होस्ट डिफॉल्ट होतोय हे 'अपाचीसीटीएल -एस' (कॅपिटल एस) दाखवतं, एकदा बघाच, कारण फाइलींच्या नावाच्या क्रमानं त्या लोड होतात आणि आपल्याला वाटतो तो पहिला नसतो. ४४३ साठीही तसाच वेगळा डिफॉल्ट होस्ट करा, हा नेहमी राहून जातो. २.४.४९ पासून 'स्ट्रिक्टहोस्टचेक' नावाचं डिरेक्टिव्हही आलंय, ते ऑन केलं की अनोळखी नावाला अपाची एररच देतो.

आता मुख्य दुरुस्ती. सगळ्या कॉन्फिग फाइलींत प्रॉक्सीरिक्वेस्ट्स शोधा, फक्त मेन फाइलीत शोधू नका, साइट्स-एनेबल्ड, कॉन्फ-एनेबल्ड, आणि मॉड्स-एनेबल्डमधली प्रॉक्सीची फाइल, सगळीकडे. ऑन दिसेल तिथे ऑफ करा. डिफॉल्ट ऑफच आहे, तरी मी उघड लिहून ठेवतो म्हणजे पुढच्या माणसाला शंका नको. प्रॉक्सीपास आणि प्रॉक्सीपासरिव्हर्स तसेच चालू राहतील, ॲपला काही होणार नाही. मग कुठले मॉड्यूल लोड झालेत ते 'अपाचीसीटीएल -एम' (कॅपिटल एम) नं बघा. यादीत प्रॉक्सी-कनेक्ट दिसत असेल आणि तुम्ही फक्त रिव्हर्स प्रॉक्सी (बाहेरच्यांना आपलंच ॲप दाखवणारी) चालवत असाल तर त्याची गरजच नाही, डेबियन किंवा उबुंटूवर 'ए२डिसमॉड प्रॉक्सी_कनेक्ट' करून काढून टाका. प्रॉक्सी-एफटीपीचंही तेच. जे मॉड्यूल लोडच नाही ते चुकून उघडं पडत नाही.

काही ठिकाणी खरोखर फॉरवर्ड प्रॉक्सी लागते, ऑफिसातल्या मशीननी तिच्यातूनच बाहेर जायचं असतं वगैरे. तेव्हा ऑन ठेवावं लागेल पण एकट्यानं नाही. प्रॉक्सी स्टारचा ब्लॉक करा आणि त्यात 'रिक्वायर आयपी' लिहून फक्त आपल्या आतल्या रेंज द्या, उदाहरणार्थ १९२.१६८.१.०/२४. अपाची २.२ च्या काळातलं ऑर्डर, डिनाय, अलाऊ असं लिहिलेलं कुठे सापडलं तर ते २.४ च्या रिक्वायरमध्ये मिसळू नका, दोन्ही एकत्र असले की नक्की कोणाला परवानगी मिळते हे वाचून सांगता येत नाही, आणि परवानगीच्या बाबतीत वाचून कळलंच पाहिजे. 'अलाऊकनेक्ट' डिफॉल्टनं ४४३ आणि ५६३ ला परवानगी देतं, ५६३ हे न्यूजग्रुपचं जुनं पोर्ट, आज कोणाला लागत नाही, तर फक्त ४४३ लिहा. पण हेही लक्षात घ्या की अलाऊकनेक्ट फक्त कनेक्टला लागू आहे, वर सांगितलेल्या पोस्टच्या युक्तीला तो अडवत नाही. म्हणून आयपीची अट हाच खरा दरवाजा. आणि शक्य असेल तर फॉरवर्ड प्रॉक्सी पब्लिक आयपीवर ऐकूच नये, 'लिसन'मध्ये आतला आयपी द्या.

इथे बरेच जण थांबतात, पण ऑफ असूनही प्रॉक्सी उघडी पडायचे अजून रस्ते आहेत. रीराइटरूलला (पत्ता बदलणाऱ्या नियमाला) [पी] फ्लॅग लावला की तोही प्रॉक्सीच करतो आणि त्याला प्रॉक्सीरिक्वेस्ट्सशी देणंघेणं नाही. पॅटर्न ^(.*) आणि पुढे एचटीटीपी://इंटर्नल$१ असं लिहिलेलं असेल, म्हणजे इंटर्नल आणि $१ च्या मध्ये स्लॅश नाही, तर स्लॅशऐवजी @ नं सुरू होणारी रिक्वेस्ट पाठवून माणूस इंटर्नलला युजरनेम बनवतो आणि @ च्या पुढे आपल्याला हवा तो सर्व्हर लिहितो. ही त्रुटी २०११ मध्ये उघड झाली, त्रुटींच्या यादीतला तिचा नंबर सीव्हीई-२०११-३३६८, प्रॉक्सीपासमॅचलाही लागू होती. अपाचीनं नंतर ते दुरुस्त केलं, तरी लिहिताना पॅटर्न ^/(.*) आणि टार्गेट एचटीटीपी://इंटर्नल/$१ असंच लिहा. टार्गेटमध्ये होस्टचं नाव कधीही युजरकडून आलेल्या गोष्टीतून घेऊ नका, ना क्वेरी स्ट्रिंगमधून, ना एचटीटीपी-होस्ट व्हेरिएबलमधून. दहापैकी नऊ वेळा घेण्याचं काही कारणही नसतं.

२०२१ मध्ये आणखी एक मोठी निघाली, सीव्हीई-२०२१-४०४३८. २.४.४८ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांत, मुद्दाम बनवलेल्या रिक्वेस्टनं मॉड-प्रॉक्सीला भलत्याच सर्व्हरकडे पाठवता येत होतं. ती २.४.४९ मध्ये बुजवली, पण ४९ आणि ५० मध्ये पाथ ट्रॅव्हर्सलचं (नको त्या फोल्डरपर्यंत पोचू देणारं) वेगळंच भोक पडलं, त्यामुळे २.४.५१ च्या खाली राहूच नका. मात्र डेबियन, उबुंटू, रेडहॅट हे लोक जुन्या आकड्याच्याच पॅकेजमध्ये सुरक्षेचे पॅच मागे आणून घालतात, तर नुसता व्हर्जन नंबर बघून निष्कर्ष काढू नका, पॅकेजचा चेंजलॉग बघा किंवा सरळ नियमित अपडेट चालू ठेवा.

एनजिनएक्स हा दुसरा वेब सर्व्हर वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात. साधा एनजिनएक्स कनेक्टला एररच देतो, तो बोगदा बनवायला लोक वेगळं थर्ड पार्टी मॉड्यूल बसवतात, ते कोणी बसवलंय का एवढं बघा. पण 'प्रॉक्सी_पास'च्या पुढे $एचटीटीपी_होस्ट किंवा $होस्ट किंवा युआरएलमधलं आर्ग्युमेंट लावलेलं असेल तर होस्ट हेडर बदलून कोणीही कुठेही जाऊ शकतो. तिथे ठरलेलं नाव किंवा अपस्ट्रीम (आतल्या सर्व्हरचा आधी ठरवून ठेवलेला गट) लिहा. आणि डिफॉल्ट_सर्व्हरचा ब्लॉक करून त्यात 'रिटर्न ४४४' टाका, हा एनजिनएक्सचा स्वतःचा कोड आहे, काही उत्तर न देता कनेक्शन बंद करतो, बॉटसाठी फार छान.

स्क्विड या फॉरवर्ड प्रॉक्सीची गोष्ट वेगळी. आपल्याकडे कॉलेजच्या लॅबमध्ये, छोट्या ऑफिसांत अजून स्क्विड बरेच ठिकाणी आहे, आणि त्याची मूळ कॉन्फिग फाइल खरंतर चांगली कडक येते. सेफ_पोर्ट्सच्या यादीत २५ नाहीच, सेफ_पोर्ट्स सोडून बाकी सगळं नाकार, ४४३ सोडून कुठल्याही पोर्टला कनेक्ट नाकार, आणि शेवटी सगळ्यांना नाकार, असं त्यात आधीच लिहिलेलं असतं. बिघडवतो आपण. कोणाच्या तरी मशीनवरून नेट चालत नाही म्हणून घाईत वरती 'एचटीटीपी_ॲक्सेस अलाऊ ऑल' टाकलं जातं, नेट चालू होतं, आणि ती ओळ तिथेच राहते. स्क्विड नियम वरून खाली वाचतो आणि पहिला जुळला की थांबतो, म्हणजे त्या एका ओळीच्या खालचं सगळं निरर्थक झालं, सेफ_पोर्ट्ससकट. आपली परवानगीची ओळ नेहमी त्या दोन नकारांच्या खाली आणि शेवटच्या 'डिनाय ऑल'च्या वर टाकायची. शेवटचं डिनाय ऑल काढायचंही नाही, कारण काहीच जुळलं नाही तर स्क्विड शेवटच्या नियमाच्या उलटं वागतो, शेवटी डिनाय असेल तर अलाऊ आणि अलाऊ असेल तर डिनाय. हे माहीत नसलं की फाइल वाचून एक वाटतं आणि घडतं भलतंच. 'लोकलनेट'मध्ये मूळ फाइलीत सगळ्या प्रायव्हेट रेंज असतात, त्यातली फक्त आपली ठेवा. 'डिनाय टू_लोकलहोस्ट' ही ओळ कमेंट केलेली असेल तर उघडा. आणि ३१२८ पोर्ट सगळ्या इंटरफेसवर उघडा न ठेवता 'एचटीटीपी_पोर्ट'मध्ये आतला आयपी लिहा.

डॉकरमध्ये (म्हणजे कंटेनरमध्ये) स्क्विड किंवा दुसरी कुठली प्रॉक्सी चालवत असाल तर इथे जरा थांबा. पोर्ट पब्लिश करताना नुसतं ३१२८:३१२८ लिहिलंत तर ते सगळ्या आयपींवर उघडतं, आणि डॉकर स्वतःचे आयपीटेबल्सचे (लिनक्सच्या फायरवॉलचे) नियम घालतो त्यामुळे यूएफडब्ल्यू या फायरवॉलच्या टूलमध्ये ३१२८ बंद दिसत असलं तरी बाहेरून ते उघडं असतं. पुढे १२७.०.०.१: लावून पब्लिश करा. अनेकांचा यूएफडब्ल्यूवर पूर्ण भरवसा असतो म्हणून सांगतोय.

आता मला ज्याबद्दल सगळ्यात जास्त सांगायचंय ते. वरचं सगळं कॉन्फिगचं झालं, आणि कॉन्फिग बदलत राहते. आज तुम्ही नीट केलंत, सहा महिन्यांनी दुसरा कोणी नवीन साइट टाकताना तीच जुनी ओळ परत पेस्ट करेल, किंवा एखाद्या पीएचपी स्क्रिप्टमधून कोणी वेब प्रॉक्सी बसवेल, किंवा नवी त्रुटी निघेल. म्हणून वेब सर्व्हरच्या युजरला पोर्ट २५ वर बाहेर जाताच येऊ नये अशी सोय फायरवॉलमध्ये करून ठेवा, मग वर काहीही चुकलं तरी पोर्ट २५ वरून स्पॅम निघणार नाही. आपण सगळे आत येणारं ट्रॅफिक अडवण्यात वेळ घालवतो आणि बाहेर जाणारं सताड उघडं ठेवतो, हे बदला. वेब सर्व्हरला स्वतःहून बाहेर बोलायची गरज फार कमी ठिकाणी असते.

करायचं असं. आयपीटेबल्समध्ये ओनर नावाचा मॅच आहे, पॅकेट कुठल्या युजरच्या प्रोसेसनं पाठवलं ते तो बघतो. आउटपुट चेनमध्ये आधी नियम टाका की टीसीपी, डेस्टिनेशन पोर्ट २५, युजर पोस्टफिक्स, तर ॲक्सेप्ट. त्याच्या खाली दुसरा, टीसीपी पोर्ट २५, बाकी कोणीही, लॉग. तिसरा, तेच, रिजेक्ट. मेल सर्व्हर एक्झिम असेल तर डेबियनवर युजर डेबियन-एक्झिम असतो. एनएफटेबल्स वापरत असाल तर तेच काम 'मेटा एसकेयूआयडी' करतं. हे नियम लूपबॅकला (मशीनच्या स्वतःशीच बोलायच्या मार्गाला) सरसकट परवानगी देणाऱ्या ओळीच्या वर आले पाहिजेत, नाहीतर १२७.०.०.१ वाला रस्ता उघडाच राहतो. यानं साइटवरचे कॉन्टॅक्ट फॉर्म बंद पडतील का, तर पीएचपीचं मेल फंक्शन सेंडमेलची बायनरी चालवतं, पोर्ट २५ वर जातच नाही, त्यामुळे ते चालू राहतं. पण वर्डप्रेसमध्ये एसएमटीपीचं प्लगिन लोकलहोस्टच्या २५ वर लावलं असेल तर ते बंद पडेल, ते ५८७ वर युजरनेम-पासवर्डनं लावून घ्या.

४६५ आणि ५८७ या लॉगिन करून मेल पाठवायच्या पोर्टचाही विचार करा, कारण चोरलेले मेल पासवर्ड असलेला माणूस तुमच्या प्रॉक्सीमधून या पोर्टवरूनही पाठवू शकतो. तुमची साइट ज्या एका मेल सेवेतून पाठवते तिला परवानगी, बाकी बंद. हे सगळं आयपी६टेबल्समध्येही करा, आयपीव्ही६ विसरलं की अर्धं काम झालं. नियम रीबूटनंतर टिकतायत का ते बघा, डेबियनवर त्यासाठी आयपीटेबल्स-पर्सिस्टंट पॅकेज आहे. आणि कंटेनरमधून निघालेलं ट्रॅफिक होस्टच्या आउटपुटमधून न जाता फॉरवर्डमधून जातं, तिथे ओनर मॅच चालत नाही, त्यासाठी डॉकर-युजर चेनमध्ये पोर्ट २५ चा सरळ रिजेक्ट टाका.

रेडहॅटच्या घराण्यातल्या सिस्टिमवर एसईलिनक्स (प्रोग्रामांना मर्यादेत ठेवणारी सुरक्षा यंत्रणा) हे काम आधीच थोडं करत असतो. रिव्हर्स प्रॉक्सी चालेना म्हणून लोक 'एचटीटीपीडी_कॅन_नेटवर्क_कनेक्ट' ऑन करतात, त्यानं अपाचीला कुठल्याही पोर्टला जाता येतं. बॅकएंड ८०८० सारख्या वेबच्या पोर्टवर असेल तर 'एचटीटीपीडी_कॅन_नेटवर्क_रिले' पुरतो, तोच ऑन करा आणि पहिला ऑफ ठेवा.

क्लाउडवर असाल तर ॲमेझॉन आणि गूगल दोघंही बाहेर जाणारं पोर्ट २५ मुळातच अडवतात, पण म्हणून ओपन प्रॉक्सी चालते असं समजू नका. क्लाउडच्या मशीनमधून १६९.२५४.१६९.२५४ या पत्त्यावर मेटाडेटा, म्हणजे त्या मशीनचीच माहिती, मिळतो, त्यात मशीनच्या रोलच्या चाव्या असू शकतात, आणि उघडी प्रॉक्सी म्हणजे बाहेरच्याला तो पत्ता आतून वाचायची सोय. २०१९ मध्ये अमेरिकेत कॅपिटल वन बँकेच्या प्रकरणात चुकीच्या सेट केलेल्या फायरवॉलमधून अशाच रस्त्यानं चाव्या गेल्या आणि अमेरिकेतल्या सुमारे १० कोटी लोकांची माहिती बाहेर पडली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ॲमेझॉननं आयएमडीएसव्ही२, म्हणजे या मेटाडेटा सेवेची दुसरी आवृत्ती, आणलं, त्याला आधी टोकन घ्यावं लागतं. ते सक्तीचं करून ठेवा, आणि अपाचीच्या युजरला त्या पत्त्यावर जायला फायरवॉलमधूनच बंदी घाला, वरच्यासारखाच एक नियम.

आता टेस्ट. ऑफिसच्या किंवा सर्व्हरच्याच नेटवर्कवरून करू नका, तिथून परवानगी असणारच. मोबाईलचा हॉटस्पॉट घ्या. कर्लला -एक्स (लहान एक्स, कॅपिटल नाही) देऊन प्रॉक्सी म्हणून तुमचा सर्व्हर आणि पोर्ट ८० द्या, आणि एक्झाम्पल.कॉम मागा. एक्झाम्पल.कॉमचं खरं पान आलं तर प्रॉक्सी उघडी आहे. ४०३ आला किंवा कनेक्शन तुटलं तर छान. तुमचंच होमपेज आलं तर प्रॉक्सी बंद आहे पण डिफॉल्ट होस्टचं काम राहिलंय. मग टेलनेट किंवा एनसीनं त्याच पोर्टला जोडा आणि हातानं कनेक्टची ओळ टाइप करा, पुढे तुमच्या स्वतःच्याच दुसऱ्या एखाद्या मेल सर्व्हरचं नाव, कोलन २५, एचटीटीपी/१.०, आणि दोनदा एंटर. लोकांच्या सर्व्हरवर टेस्ट करायची नाही. उत्तरात २०० आणि त्याच्या खाली २२० नं सुरू होणारी ओळ दिसली तर तो मेल सर्व्हरचा नमस्कार आहे, म्हणजे बोगदा उघडाय. मग तेच १२७.०.०.१:२५ ला करून बघा. मग ४४३ वर, त्यासाठी टेलनेटऐवजी 'ओपनएसएसएल एस_क्लायंट'. मग ८०८०, ३१२८, ८८८८, सॉक्सचं १०८०, जे काही त्या मशीनवर ऐकत असेल ते सगळं, आणि आयपीव्ही६ पत्त्यावरही एकदा. ही टेस्ट एका छोट्या स्क्रिप्टमध्ये घालून दुसऱ्या कुठल्यातरी मशीनवरून क्रॉननं रोज चालवा, उघडी सापडली तर तुम्हाला मेसेज. कॉन्फिग कोणीही बदलली तरी दुसऱ्या दिवशी कळेल.

आधीच गैरवापर झाला असेल तर पहिलं काम बंद करणं, मग बाकीचं. लॉग पुसू नका, कॉपी काढून दुसरीकडे ठेवा, कारण तक्रार पोलिसांपर्यंत गेली तर त्यांच्याकडे आयपी तुमचा असतो आणि तुमच्या मागे कोण होतं हे फक्त तुमचा लॉग सांगू शकतो. भारतात कंपन्यांसाठी सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश आहेत, लॉग १८० दिवस ठेवायचे, अनधिकृत वापरासारख्या घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायच्या, आणि सर्व्हरचं घड्याळ एनटीपीनं जुळवलेलं हवं. डेबियनवर लॉगरोटेटची (जुने लॉग काढून टाकणाऱ्या प्रोग्रामची) अपाचीसाठीची नेहमीची सेटिंग १४ दिवसांचीच असते, ती आत्ताच वाढवा.

आयपी ब्लॅकलिस्टमध्ये गेलाय का ते स्पॅमहाउसच्या चेकरवर बघा. उघड्या प्रॉक्सी तिथे एक्सबीएल नावाच्या यादीत येतात. प्रॉक्सी बंद झाल्याची बाहेरून खात्री केल्यावरच नाव काढायची विनंती करा, आधी केलीत तर परत यादीत जाल आणि पुढच्या वेळी ते अवघड होत जातं. आणि बंद केल्यावर लगेच लॉग शांत होईल अशी अपेक्षा ठेवू नका. तुमचा आयपी उघड्या प्रॉक्सींच्या याद्यांमध्ये फिरत असतो, त्या रिक्वेस्ट बरेच आठवडे येत राहतात. प्रत्येकीला ४०३ किंवा तसाच एरर जातोय आणि उत्तराचे बाइट्स अगदी थोडे आहेत एवढं बघत राहा, फार त्रास झाला तर फेल२बॅनमध्ये (लॉग बघून आयपी अडवणाऱ्या प्रोग्राममध्ये) कनेक्टच्या ओळीसाठी एक फिल्टर लिहा. आकडा हळूहळू खाली येतो.